'पेट पीव्ह'मधला पीव्ह आला कुठून?

कॉलेजच्या ओळखीच्या कार्यक्रमात, समाजमाध्यमांवरच्या गप्पांत, कधी कधी नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा हल्ली एक प्रश्न येतो : तुमचा 'पेट पीव्ह' कोणता? उत्तरं साधारण ठरलेली असतात. जेवताना मचमच आवाज करणारी माणसं. लोकलमध्ये इयरफोन न लावता मोठ्या आवाजात रील बघणारे. लिफ्टचं दार उघडल्याबरोबर, आतल्यांना बाहेर पडू न देता आत घुसणारे. आपण चार ओळींचा मेसेज लिहावा आणि समोरून फक्त 'ओके' यावं. यातल्या एकाही गोष्टीनं आपलं फार नुकसान होत नाही. भांडायला जावं एवढी ती मोठी नसते, आणि सोडून द्यावी म्हटलं तर सुटत नाही. मराठीत आपण म्हणतो, 'हे माझ्या डोक्यात जातं'. पेट पीव्ह म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात जाणारी त्याची त्याची ठरावीक गोष्ट.

अर्थ कळायला सोपा आहे. पण 'पीव्ह' हा शब्द आला कुठून हे शोधायला लागलं की भाषा कशी घडते याचं एक फार सुंदर दार उघडतं. हा शब्द वयानं लहान आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, अमेरिकेत तो छापील मजकुरात दिसायला लागतो. ज्या शब्दातून तो निघाला तो 'पीव्हिश' मात्र सहाशे वर्षांहून जुना आहे. म्हणजे 'मूर्ख'पासून 'मूर्खपणा' होतो तसं इथे झालेलं नाही. इथे लांब शब्द आधी होता आणि त्यातून आखूड शब्द मागाहून निघाला. आधी लेक जन्मली आणि पाच शतकांनी आई, असा हा प्रकार.

हे कसं होतं ते नीट बघू. इंग्रजीत 'इश' हा प्रत्यय आहे. चाइल्ड म्हणजे मूल, चाइल्डिश म्हणजे पोरकट. फूल म्हणजे मूर्ख, फूलिश म्हणजे मूर्खासारखं. सेल्फ आणि सेल्फिश हेही तसंच. अशा शेकडो जोड्या कानावर पडल्या की बोलणाऱ्याच्या डोक्यात एक नियम आपोआप तयार होतो : 'इश' काढलं की मागे काहीतरी अर्थाचं उरतं. आता त्याच माणसाच्या कानावर 'पीव्हिश' पडतो. त्याचा अर्थ चिडका, किरकिरा, सारखा कुरकुरणारा. मग 'इश' काढल्यावर उरतो तो 'पीव्ह' काय असेल? खरं तर काहीच नव्हतं. इंग्रजीत चिडण्याशी संबंध असलेला 'पीव्ह' नावाचा शब्द कधीच नव्हता. पण कानाला वाटलं की असणार, आणि लोक तो वापरायला लागले. अमुक गोष्ट मला 'पीव्ह' करते, म्हणजे वैताग आणते. मी 'पीव्ह्ड' आहे, म्हणजे माझी चिडचिड झाली आहे.

अशा उलट्या घडणीला इंग्रजीत 'बॅक-फॉर्मेशन' म्हणतात. हा शब्द ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८८० च्या दशकात घडवला. कोशाचं काम करताना त्यांना असे शब्द पुन्हा पुन्हा सापडत होते आणि त्यांना काही नाव देणं भाग होतं. आपण रोज वापरतो तो 'एडिट' घ्या. आपल्याला वाटतं, एडिट करतो तो एडिटर. प्रत्यक्षात 'एडिटर' हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकातला आणि 'एडिट' हे क्रियापद अठराव्या शतकाच्या शेवटाकडचं. मधली शंभरेक वर्षं संपादक होते, पण ते जे करत होते त्याला हे क्रियापद नव्हतं. वाटाण्याचं 'पी' हे नाव त्याहून मजेदार. जुन्या इंग्रजीत एका वाटाण्यालाही 'पीझ' म्हणत. शेवटचा 'झ' लोकांना अनेकवचनाचा वाटायला लागला. मग एक दाणा असेल तर तो 'पी'च असला पाहिजे असं ठरलं, आणि सतराव्या शतकात 'पी' रूढ झाला.

हे फक्त इंग्रजीत होतं असं कोणी समजू नये. आपल्या बोलण्यातले दोन अतिशय वजनदार शब्द याच वाटेनं आलेले आहेत.

पहिला 'सुर'. सुर म्हणजे देव, असुर म्हणजे जे देव नाहीत ते, ही फोड आपण शाळेत शिकलेलो असतो. पण ऋग्वेदात 'असुर' हे विशेषण वरुणासारख्या देवांना आदरानं लावलेलं आहे. इराणी परंपरेतल्या अवेस्ता ग्रंथात याच शब्दाचं रूप 'अहुर' आहे, आणि पारशी धर्मातला परमेश्वर 'अहुर मज्द' हा तोच अहुर. त्या शब्दातला 'अ' नकाराचा नाही, तो मूळ शब्दाचाच भाग आहे. पुढे आपल्याकडे असुर म्हणजे देवांचे शत्रू हा अर्थ पक्का झाला. 'अ' म्हणजे नाही ही सवय तर संस्कृतात हाडीमाशी भिनलेली : ज्ञान-अज्ञान, धर्म-अधर्म. तेव्हा असुरातला 'अ' काढून 'सुर' तयार झाला आणि त्याला देव हा अर्थ मिळाला. नवा शब्द आला की त्याची कथाही लागते. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात समुद्रमंथनाच्या प्रसंगी सांगितलं आहे की वारुणी, म्हणजे सुरा, ज्यांनी स्वीकारली ते सुर आणि ज्यांनी नाकारली ते असुर. कथा म्हणून ती वाचनीय आहे. शब्दाचा इतिहास मात्र वेगळा आहे.

दुसरा 'धव'. विधवा म्हणजे जिचा धव, म्हणजे पती, गेला ती, अशी फोड आपण करतो. त्यावरूनच सधवा हा शब्द आहे. पण विधवा या शब्दाची भावंडं युरोपभर आहेत : लॅटिन 'विदुआ', इंग्रजी 'विडो', रशियन 'व्दोवा'. या सगळ्यांत सुरुवातीचा 'वि' किंवा 'व' हा उपसर्ग नाही, तो धातूचाच भाग आहे, आणि त्या धातूच्या मुळाशी वेगळं होणं, वंचित होणं हा अर्थ आहे. म्हणजे विधवा हा शब्द अखंड होता. त्याचे 'वि' आणि 'धवा' असे तुकडे करून पती या अर्थाचा 'धव' मागाहून काढला गेला, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ही फोड काही अलीकडची नाही. यास्काचार्यांनी 'निरुक्त' या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथात विधवा या शब्दाच्या तीन-चार व्युत्पत्ती दिल्या आहेत, आणि धव म्हणजे मनुष्य, त्याच्या वियोगामुळे विधवा, ही त्यातली एक आहे. पुढे 'माधव' म्हणजे मा, अर्थात लक्ष्मी, तिचा धव, असा अर्थही भाविकांनी लावला. कधी नसलेल्या शब्दाला असं घर मिळालं आणि तो दोन हजार वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे. 'पीव्ह'ला चुकीचा शब्द म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

आता 'पीव्हिश'कडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

हा शब्द सुरुवातीच्या काळात ठळकपणे भेटतो तो विल्यम लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' या चौदाव्या शतकातल्या दीर्घ कवितेत. पिअर्स नावाचा नांगरधारी शेतकरी अर्धा एकर जमीन नांगरायला काढतो आणि आजूबाजूच्या रिकामटेकड्यांना म्हणतो, कामाला हात लावा, मग जेवायला मिळेल. त्यावर ब्रिटनी प्रांतातला एक बढाईखोर माणूस उसळतो आणि पिअर्सला अर्वाच्य शिवी देऊन, तुझा नांगर घेऊन चालता हो, अशा अर्थाचं काहीतरी सुनावतो. त्या शिवीत 'पीव्हिश' आहे. लँगलंडनं ही कविता आयुष्यभर पुन्हा पुन्हा लिहिली. आधीच्या एका पाठात याच जागी दुसरं विशेषण आहे, खंगलेला, वाळलेला अशा अर्थाचं. शेवटच्या पाठात त्यानं ते काढून 'पीव्हिश' घातलं. इथे त्याचा अर्थ चिडका असा घेतला तर प्रसंगाशी जुळत नाही. चिडलेला आहे तो शिवी देणारा. पिअर्स त्याच्या लेखी वेडगळ, उलट्या डोक्याचा माणूस आहे. तेव्हाच्या 'पीव्हिश'चा अर्थ हाच होता : खुळा, विक्षिप्त, विपरीत वागणारा.

दोनशे वर्षांनी शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द दोन अर्थांच्या मधोमध उभा दिसतो. 'द कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये जुळ्या मालकांचे जुळे नोकर आहेत. एका मालकानं आपल्या नोकराला दोर आणायला पाठवलेलं असतं. परत येतो तो दुसऱ्याचा नोकर, आणि सांगतो की जहाज तयार आहे, मालक चढायचीच काय ती वाट बघणं चाललं आहे. मालक भडकून त्याला 'पीव्हिश शीप', म्हणजे खुळं मेंढरू म्हणतो, आणि लगेच विचारतो, कसलं 'शिप'? मेंढी आणि जहाज या दोन शब्दांचे उच्चार तेव्हा जवळजवळ सारखे होते, त्यामुळे प्रेक्षक हसत असणार. इथे 'पीव्हिश' म्हणजे सरळसरळ मूर्ख. पण 'द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'मध्ये एक ड्यूक आपल्या मुलीबद्दल तक्रार करताना 'पीव्हिश' म्हणतो, आणि पाठोपाठ फुगलेली, हेकट, गर्विष्ठ, आज्ञा न पाळणारी अशी विशेषणांची रांग लावतो. तिथे मूर्खपणाचा प्रश्नच नाही. मुलगी बापानं निवडलेल्या स्थळाला नकार देते आहे, एवढंच.

अर्थ सरकला तो इथे. खुळा, मग हेकट, मग चिडका. तीन वेगळे गुण वाटतात, पण एखाद्या हट्टाला पेटलेल्या पोराकडे बघा. कारण विचारलं तर सांगता येत नाही, म्हणून ते खुळं. ऐकत नाही, म्हणून हेकट. आणि सगळा वेळ रडका सूर, म्हणून किरकिरं. एकाच वागण्याला लावलेला शब्द ऐकणाऱ्यांनी आपापल्या परीनं समजून घेतला, आणि हळूहळू किरकिरीचा अर्थ पुढे आला, बाकीचे दोन मागे पडले. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सननं आपला कोश प्रसिद्ध केला तेव्हा चिडचिडेपणाचं पारडं जड झालेलं होतं. चटकन दुखावला जाणारा, लवकर रागावणारा, खूश करायला कठीण, अशा छटा तो नोंदवतो.

आणि 'पीव्हिश'च्याही आधी काय होतं? या प्रश्नाचं उत्तर चांगले कोश एका ओळीत देतात : मूळ अज्ञात. इंटरनेटवर मात्र ठासून सांगितलेलं सापडतं की हा शब्द लॅटिन 'पर्व्हर्सस'वरून, म्हणजे उलटं फिरलेलं, विपरीत यावरून आला. अर्थ जुळतो हे खरं, आणि तज्ज्ञांनीही ही शक्यता 'कदाचित' असं म्हणून नोंदवली आहे. पण मधला 'र' कुठे गेला, बाकीची अक्षरं अशी कशी आक्रसली, हे पटेल असं कोणी दाखवलेलं नाही. एकोणिसाव्या शतकातले मोठे व्युत्पत्तिकार वॉल्टर स्कीट यांनी वेगळी वाट धरली. त्यांना वाटलं की हा कण्हण्याच्या, पोराच्या रडण्याच्या आवाजावरून आलेला शब्द आहे, आणि त्यांनी डॅनिश बोलीतल्या तशाच एका क्रियापदाशी त्याचं नातं जोडलं. ऐकायला गोड वाटतं. अडचण एवढीच की रडकेपणाचा अर्थ नंतरचा आहे. लँगलंडच्या कवितेतला पिअर्स काही रडत नाही, तो नांगरतो आहे.

मराठी वाचकाला इथे आणखी एक मोह होईल. आपल्याकडे 'पिरपिर' आहे. लहान मूल बारीक आवाजात सारखं रडत राहिलं की आपण म्हणतो, काय पिरपिर लावली आहेस! पीव्हिश आणि पिरपिर, आवाज जवळ, अर्थ जवळ. पण एवढ्यानं नातं ठरत नाही. बारीक, चिरका आवाज दाखवायला अनेक भाषांत 'इ'-'ई' हे स्वर येतात, त्यामुळे असे योगायोग खूप घडतात. नातं ठरवायचं तर जुन्या लिखाणातली रूपं, त्यांचे त्या त्या वेळचे अर्थ आणि ध्वनी बदलण्याचे नियम, हे सगळं जुळावं लागतं. इंग्रजी 'विडो' आणि आपली 'विधवा' यांचं नातं असं तावूनसुलाखून सिद्ध झालेलं आहे. पीव्हिश-पिरपिरचं नाही. 'मूळ अज्ञात' असं लिहिणाऱ्या कोशकारांबद्दल मला फार आदर वाटतो. तिथे एखादी सुरस कथा घालणं किती सोपं होतं!

मग 'पीव्ह'ची गरज तरी का पडली? याचं उत्तर मराठीतून चटकन कळतं. आपल्याकडे 'चिडका' आहे आणि 'चिडलेला' आहे. चिडका हा स्वभाव झाला, चिडलेला ही आत्ताची अवस्था. अत्यंत शांत माणूसही एखाद्या दिवशी चिडलेला असू शकतो. इंग्रजीतल्या 'पीव्हिश'नं स्वभाव आणि वृत्ती सांगता येत होती, पण अमुक गोष्टीनं तमुक माणूस आत्ता चिडला, हे सांगणारं क्रियापद त्या शब्दाच्या घरात नव्हतं. 'पीव्ह' आणि 'पीव्ह्ड' यांनी ती जागा भरली. क्रियापदाच्या मागोमाग नामही आलं : पीव्ह म्हणजे चीड आणणारी गोष्ट.

त्याच्या आधी 'पेट' लागलं ते १९२० च्या आतच. हा 'पेट' मूळचा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडचा. सोळाव्या शतकात तो हातानं पाजून वाढवलेल्या कोकराला आणि लाडावलेल्या मुलालाही लावत. त्यावरून विशेष आवडीचं, जिवापाड जपलेलं असा अर्थ झाला, जसा 'पेट प्रोजेक्ट'मध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात 'पेट अव्हर्शन', म्हणजे खास जपलेली नावड, असं लोक म्हणायला लागले होते. पेट पीव्ह त्याच साच्यातला. ब्रिटनमध्ये त्याला 'पेट हेट' म्हणण्याची पद्धत आहे. जपलेली चीड ही कल्पना मला अगदी नेमकी वाटते. माणसं आपली ती एक नावड खरोखरच हौसेनं सांगतात, तिच्यावर बोलायला त्यांना आवडतं.

गंमत म्हणजे इंग्रजीत रुसवा, फुगणं या अर्थाचाही एक 'पेट' आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीचा, आणि त्याचंही मूळ अज्ञात आहे. रुसून बसलेल्या माणसाबद्दल तो 'पेट'मध्ये आहे असं म्हणत. पेट पीव्हमधला पेट तो नव्हे. आणि 'पेट्युलंट' हा चिडखोर या अर्थाचा शब्द या दोन्हींचा कोणी लागत नाही. तो लॅटिनमधून आला, तिथे त्याचा अर्थ उद्धट, अंगावर येणारा असा होता. इंग्रजीत आल्यावर या रुसव्याच्या 'पेट'च्या संगतीत त्याला चिडखोरपणाचा रंग चढला.

रागाच्या या खालच्या पायऱ्यांवर इंग्रजीत बरीच गर्दी आहे, आणि शब्दांची घराणी निरनिराळी. 'अनॉय' फ्रेंचमार्गे लॅटिन 'इन ओदियो' यावरून आला, म्हणजे तिटकारा वाटणं. त्याच मुळातून फ्रेंच 'आन्वी' निघाला, ज्याचा अर्थ आज कंटाळा आहे. 'व्हेक्स'च्या मुळाशी हलवणं, गदागदा हिसके देणं आहे. 'पीक' म्हणजे फ्रेंचमधलं टोचणं, म्हणून दुखावलेला अभिमान. 'नेटल' ही अंगाला लागताच आग करणारी रानटी वनस्पती, आणि तेच चिडवण्याचं क्रियापद. 'अनॉय' सोडला तर बाकीच्यांत शरीराला काहीतरी होतं : टोचतं, चुरचुरतं, हिसका बसतो. 'पीव्ह'मध्ये असं काही नाही.

यांच्यातला 'मिफ' मात्र पीव्हच्या अगदी शेजारी राहतो, आणि दोघांची गल्लत होते. तो सतराव्या शतकापासून आहे. नाक मुरडताना निघणाऱ्या नापसंतीच्या उद्गारावरून तो आला असावा असं मानतात. 'मिफ्ड' म्हणजे कोणीतरी आपल्याला डावललं, आपली दखल घेतली नाही, म्हणून मनाला लागलेलं. त्याला माणूस लागतो. मैत्रिणीनं साखरपुड्याला सगळ्या गँगला बोलावलं आणि तुम्हाला नाही, तर तुम्ही मिफ्ड असता, मराठीत खट्टू. हॉलवर सनईचा कर्णा नेमका तुमच्या कानाशी लावलेला आहे आणि समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तर तुम्ही पीव्ह्ड असता. मैत्रीण दर समारंभाला तासभर उशिरा येते आणि प्रत्येक वेळी 'ट्रॅफिक होता गं' म्हणते, आणि तुम्हाला उशिरापेक्षा ते वाक्यच सहन होत नाही, तर ते वाक्य हा तुमचा पेट पीव्ह.